आधी डबल स्टँडवर लावून बघ

अगं, तू पाठवलेले ते स्कूटरच्या रिव्ह्यूचे सगळे व्हिडिओ मी बघितले. मुलगा छान बोलतो, गाडी छान दिसते, मागे डोंगर आणि रिकामा रस्ता. पण त्याची उंची बघितलीस का? तो सीटवर बसल्यावर त्याचे गुडघे वाकलेले दिसतात, तुझ्या टाचा अधांतरी राहतील. शिवाय गाडी कंपनीची, पेट्रोल कंपनीचं, आणि चार दिवसांनी परत द्यायची. तिचा हप्ता त्याला भरायचा नाही, की जुलैच्या पावसात वडगाव पुलाखाली बंद पडली तर ढकलायची नाही. मी त्याला खोटारडा म्हणत नाही हं. गाडी किती सेकंदांत पळते, ब्रेक किती अंतरात लागतो, हे तो मोजून सांगतो आणि ते कामाचं असतं. पण धायरीहून हिंजवडीला रोज जाणाऱ्या, सव्वापाच फुटी, पाठीवर लॅपटॉपची सॅक असलेल्या मुलीला ही गाडी झेपेल का, याचं उत्तर त्याच्याकडे नाही. ते आपल्यालाच शोधायला लागणार.

म्हणून शोरूममध्ये गेलीस की स्क्रीनकडे बघूच नकोस. ब्लूटूथ, नकाशा, रंगीबेरंगी मीटर, सगळं नंतर. आधी गाडी डबल स्टँडवर लावून बघ. तिथला पोरगा म्हणेल, 'मॅडम, साइड स्टँड आहे ना.' आहेच. पण आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या फटीत रोज रात्री गाडी घालायची तुला आहे. साध्या ११० सीसीच्या पेट्रोल स्कूटरचं वजन १०५ किलोच्या आसपास असतं. इलेक्ट्रिक बऱ्याचदा १२०-१३० च्या घरात जाते. व्हिडिओत हा फरक नुसता आकडा असतो, मनगटाला मात्र तो लगेच समजतो. गाडी स्टँडवरून उतरव, हाताने मागे घे, थोड्या चढावर वळव. इलेक्ट्रिक असेल तर रिव्हर्स आहे का ते विचार, पार्किंगमध्ये त्याचा फार उपयोग होतो.

बसून बघताना नेहमीच्या चपला घालून जा. नाहीतर त्या दिवशी स्पोर्ट शूज घालशील, उंच वाटशील आणि फसशील. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकले पाहिजेत, सिग्नलला एकच पाय टेकवून उभं राहायची वेळ नको. सीटची उंची बहुतेक स्कूटरची साधारण सारखीच, ७६५ मिलिमीटरच्या मागेपुढे. पण सीट रुंद असली की पाय बाहेर फाकतात आणि तीच उंची जास्त वाटते. हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. स्वतःचं हेल्मेटही घेऊन जा आणि सीटखाली मावतं का बघ. टीव्हीएसने ज्युपिटरची टाकी पायाखालच्या फळीत नेली आणि सीटखाली ३३ लिटरची जागा काढली. असल्या गोष्टीसाठी मी दोन किलोमीटरचं ॲव्हरेज सोडून देईन, खरं सांगते. डबा, रेनकोट, छत्री, भाजी... आपली स्कूटर म्हणजे फिरतं कपाट असतं.

ट्रायल मात्र शोरूमच्या दारातली नको. ते तुला सरळ रस्त्यावर एक चक्कर मारायला सांगतील. तू म्हण, मला चढ हवाय. चांदणी चौकाच्या चढाला गाडी दोघांना घेऊन कशी जाते ते कळलं पाहिजे. मागे मी बसते, माझ्या वजनात गाडीची खरी परीक्षा होईल. एक तुटका रस्ता घे, दोन स्पीडब्रेकर घे. मागच्या सीटवर माझी कंबर काय म्हणते ते मी सांगेन, कारण आईला तूच दवाखान्यात नेणार आहेस. चाकाचा आकारही बघ. पुढचं चाक १२ इंची असेल तर खड्ड्यात कमी आदळतं. काही गाड्यांचं मागचं अजून १० इंची असतं. आपल्या रस्त्यांना दोन्ही १२ असलेली बरी.

आणि ब्रेक. कारला निदान तारे असतात. भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं, त्याचा कारभार आपल्या पुण्यातली सीआयआरटी ही संस्था बघते आणि गाडी आपटून तारे दिले जातात. स्कूटरला असं काही नाही. तिथे तुझे ब्रेक, टायर आणि डोक्यावरचं हेल्मेट, एवढंच. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून निदान सीबीएस लागतोच. म्हणजे डावा लिव्हर दाबला की मागच्या ब्रेकबरोबर पुढचाही थोडा लागतो. हा किमान नियम झाला. जमत असेल तर पुढे डिस्क असलेलं मॉडेल घे, पैसे वाचवायचे तर अलॉय व्हीलमध्ये वाचव. ट्रायलला रिकाम्या जागी चाळीसच्या वेगावरून ब्रेक दाबून बघ. गाडी एका बाजूला ओढते का, लिव्हर तुझ्या बोटांना लांब पडतो का? आपले हात लहान, कंपन्यांना ते आठवत नाही.

आता मायलेज. ते 'एआरएआय मायलेज' म्हणतात ना, ती एआरएआय म्हणजे कोथरूडच्या टेकडीवरची संस्था, जिच्या रस्त्याने लोक सकाळी फिरायला जातात. १९६६ सालची आहे, काम चोख आहे. पण चाचणी प्रयोगशाळेत होते. गाडी रोलरवर, वेग ठरलेला, थांबणं ठरलेलं. तिथे वारज्याचा ट्रॅफिक नाही आणि समोरून उलटा येणारा रिक्षावालाही नाही. त्या आकड्याचा उपयोग दोन गाड्यांची तुलना करायला. आपलं मायलेज आपणच काढायचं. टाकी काठोकाठ भर, किलोमीटर लिहून ठेव, दोनशेएक किलोमीटर झाले की त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भर आणि भागाकार कर. एका भरण्यावर विश्वास ठेवू नकोस, दोन-तीनदा कर.

इलेक्ट्रिकचं तसंच. जाहिरातीतली रेंज आयडीसी नावाच्या ठरावीक चाचणीतली असते. मी डोळे मिटून तिचे पाऊण धरते. पावसात, मागे माणूस, चढाचा रस्ता, म्हणजे त्याहूनही थोडं कमी. तुझं जाणं-येणं मिळून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर होईल. जाहिरातीत १२० असेल तर तुझे नव्वद, रोजचं जाणं-येणं होऊन थोडं हाताशी उरेल. जाहिरातीतच ऐंशी असेल तर सोडून दे, स्वस्त असली तरी. मला विचारशील तर तुझ्या रोजच्या ठरलेल्या रस्त्याला इलेक्ट्रिकच शोभते. पण एका अटीवर: पार्किंगमध्ये तुझ्या मीटरवरचा प्लग पॉइंट आधी मिळाला पाहिजे. सेक्रेटरीकाकांचं 'बघू' म्हणजे होकार नाही, लेखी घे. आणि पॉइंट इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगसकट करून घे, तिसऱ्या मजल्यावरून एक्स्टेंशन बोर्ड सोडायचा विचारही करू नकोस.

बॅटरीच्या आगीचं तू विचारलं होतंस. २०२२ साली गाड्या पेटल्याच्या बातम्या आल्या, त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-१५६ चे नियम कडक झाले. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. त्यामुळे जुनी इलेक्ट्रिक सेकंडहँड घेताना तिचा बनावटीचा महिना नक्की बघायचा. नव्या गाडीला भीतीपेक्षा वॉरंटीचा कागद महत्त्वाचा. किती वर्षं हे सगळे विचारतात, तू टक्के विचार. बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली की कंपनी बदलून देणार? सत्तर म्हणाले तर ते कागदावर दाखवा म्हण.

एक गोष्ट व्हिडिओत कुणी करत नाही, ती कर. सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर जा आणि आरसा, ब्रेक लिव्हर, इंडिकेटर आणि पुढचा पॅनल यांचे भाव विचार. पडझडीत हेच जातं. पार्ट हजर आहे की 'मागवावा लागेल', तेही विचार. घराजवळ सर्व्हिस सेंटर नसलेली गाडी मी व्हिडिओत तिचं कितीही कौतुक झालं तरी घेणार नाही. शिवाय बाहेर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांशी दोन शब्द बोल. वर्षभर वापरलेल्या माणसाची दोन वाक्यं पहिल्या दिवशीच्या अर्ध्या तासाच्या व्हिडिओपेक्षा जड असतात.

पाडव्याला डिलिव्हरी हवी म्हणालीस. घे ना, आईलाही बरं वाटेल. पण पाडव्याला आणि दसऱ्याला शोरूममध्ये लग्नघर असतं, हार, पेढे, फोटो, आणि गाडी नीट बघायला कुणालाच वेळ नसतो. म्हणून गाडी आदल्या दिवशी उन्हात उभी करून बघ, ट्यूबलाइटखाली ओरखडे दिसत नाहीत. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात: २३२५ असेल तर २०२५ सालचा तेविसावा आठवडा. गाडीच्या बनावटीचा महिना आणि साल फॉर्म २१ वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर असतं. वर्षभर यार्डात उभी राहिलेली गाडी नव्याच्या भावात का घ्यायची? चेसिस नंबर कागदावरचा आणि गाडीवरचा स्वतः जुळव, दोन्ही किल्ल्या लावून बघ.

ऑन रोड किमतीचा कागद ओळीओळीने मागून घे. इन्शुरन्स त्यांच्याकडूनच घ्यायचं बंधन नाही. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी पाच वर्षांचा एकदम घ्यावाच लागतो, आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग एक वर्षाचा घेता येतो. बाहेर दोन ठिकाणी भाव काढ, मग त्यांच्याशी बोल. आणि ॲक्सेसरीजच्या यादीत साडी गार्ड आणि मागचं हँडल दिसलं तर बोट ठेव. मागे बसणाऱ्यासाठी पकडायला हँडल, पाय ठेवायची जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक झाकणारं संरक्षण, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमात आहे. ते गाडीवर असायलाच हवं, हौसेचं सामान नाही ते. 'हँडलिंग'च्या नावाने एखादी रक्कम असेल तर ती कशाची हे शांतपणे विचार आणि उत्तर येईपर्यंत गप्प बस. गप्प बसण्याने बऱ्याच रकमा उतरतात.

आता तुझ्या त्या टूल किटबद्दल. शंभर नगांची निळी पेटी तू कार्टमध्ये टाकली आहेस, ती काढ. त्यातले ऐंशी नग तू कधी उघडणार नाहीस, आणि उरलेले मऊ लोखंडाचे असतात. पाना घसरतो, बोल्टचे कोपरे गोल होतात आणि मग मेकॅनिककडे शंभर रुपयांचं काम हजाराला जातं. त्याऐवजी हार्डवेअरच्या दुकानात जा आणि सुटे घे. नाशिकच्या सातपूरची टपारिया चालेल, आपल्याकडच्या गॅरेजांमध्ये तीच असते. ८, १०, १२ आणि १४ चे रिंग पाने, एक मध्यम क्रॉस स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड, एलन कीचा संच, आणि पेट्रोलची गाडी असेल तर तिच्या मापाचा प्लग पाना. एवढ्यात तुझं घर चालतं. स्क्रू काढताना फिरवण्यापेक्षा दाबण्यावर जोर दे, डोकं खराब होत नाही.

पण यातलं पहिलं काही घ्यायचं तर हवेचा गेज घे. हसू नकोस. पंपावरच्या मशीनवर माझा विश्वास नाही, एक जास्त दाखवतं, एक कमी. सकाळी गाडी चालवायच्या आधी, टायर थंड असताना मोजायचं. मॅन्युअलमध्ये एकट्याचा आणि दोघांचा आकडा वेगळा दिलेला असतो, मागच्या चाकात बराच फरक पडतो. कमी हवेने ब्रेक लांब लागतो, टायर झिजतो, मायलेज जातं, आणि लोक कंपनीला शिव्या देतात. जमलं तर चार्जिंगवर चालणारा छोटा इन्फ्लेटरही घे, सीटखाली राहतो. ट्यूबलेसचं पंक्चर किट आणून घरी एका जुन्या टायरवर हात बसवून घे, रात्री हायवेच्या कडेला पहिल्यांदा शिकू नकोस. पुरेसा उजेड आणि सोबत नसेल तर तिथे थांबूच नकोस, हळूहळू पुढच्या पंपापर्यंत जा. टायर गेला तर गेला.

पेट्रोलची घेतलीस तर एक स्वस्त मल्टिमीटरही ठेव. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर दाखवत असेल तर ठीक. बारा-सव्वाबाराला आली की ती जायच्या वाटेवर आहे. इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास दिसलं म्हणजे चार्जिंग होतंय. सेल्फ लागत नाही म्हणून गॅरेजवाल्याने नवी बॅटरी काढली की हे दोन आकडे त्याला सांगायचे. त्याचा सूर बदलतो.

घरी ब्रेक खोलू नकोस. इलेक्ट्रिकच्या नारिंगी वायरला हात लावू नकोस. डिस्कवर किंवा ब्रेकजवळ कसलाही स्प्रे मारू नकोस, चकचकीत करायच्या नादात ब्रेकच जातो. पेट्रोलची गाडी पाण्यात बुडाली असेल तर सेल्फ मारायचाच नाही, इंजिनात पाणी गेलं असेल तर आत वाकडंतिकडं होतं. ढकलत आण नाहीतर टेम्पो कर.

शनिवारी सकाळी मोकळी आहेस का? अकराच्या आत निघू, ऊन चढायच्या आधी दोन शोरूम होतील. बुकिंगचे पैसे त्या दिवशी बरोबर घेऊ नकोस, आणि ऑफर आजच संपतेय असं कुणी म्हणालं तर खुशाल संपू दे.