पोट बरं होतं, दिवस रिकामा होता

मुलाच्या आग्रहावरून आम्ही लातूर सोडून हिंजवडीला आलो. फेज तीनमध्ये फ्लॅट. मुलगा-सून जिवाला जपणारी, त्यामुळे तक्रारीला जागाच नव्हती. तरी ह्यांना पहाटे तीनला जाग यायला लागली, जेवणावरची वासना उडाली. सांगायचे मात्र पोट बिघडल्याचं. आमच्या पिढीतला पुरुष मनाचं दुखणं सहसा पोटावर ढकलतो! सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या.

मग एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजोबा, दिवसभर कुणाशी बोलता?" ह्यांना एक नाव सांगता येईना. वृद्धांसाठी 15 हो-नाही प्रश्नांची चाचणी असते, ती त्यांनी घेतली. थायरॉइड, बी-12 बघितलं, कारण त्यांच्या कमतरतेनंही माणूस असाच मलूल होतो. निदान नैराश्याचं निघालं. गोळ्यांचा गुण दिसायला दोन-चार आठवडे जातात. तोवर 'फरक नाही' म्हणून त्या सोडू नका, आणि बरं वाटलं तरी स्वतःच्या मनानं बंद करू नका. घरातलं म्हातारं माणूस 'आता जगून काय करायचंय' म्हणालं, तर वयाचं बोलणं समजून हसण्यावारी नेऊ नका. त्याच दिवशी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा. तो मोफत आहे, रात्री-बेरात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं.

गोळ्यांनी झोप आली. गप्पांना माणूस मात्र लिफ्टमध्ये भेटला. समोरच्या विंगेतले आजोबा निजामाबादचे, तेलुगू. आमचा मराठवाडाही निजामाबादसारखाच 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे ह्यांची दखनी हिंदी अजून शाबूत. पुण्यातले लोक तिला हसतात, त्या आजोबांना ती घरची वाटली. आता दोघं भाजीला बरोबर जातात, भावावरून भांडतात. पुढं सोसायटीतले आणखी चार-पाच जण त्यांच्याजवळ बाकावर येऊन बसू लागले. जवळपास ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर उत्तमच, नसेल तर बाकावर दोघांपासून सुरुवात होते.

मुलांना एवढंच सांगेन: आईवडिलांना पाहुण्यासारखं बसवून ठेवू नका. किल्ली द्या, हातखर्चाला रोख द्या, घरातलं एखादं काम पूर्ण त्यांच्यावर सोपवा. गेटच्या ॲपवर त्यांचाही नंबर घाला, नाहीतर त्यांचा पाहुणा आत सोडायला वॉचमन ऑफिसात बसलेल्या मुलाला विचारतो. गावचं घर विकायचीही घाई नको. आमचं अजून आहे, दिवाळीनंतर महिनाभर आम्ही तिथं राहून येतो.