सोयाबीन कापण्याआधी ढगांचा फोटो नीट वाचा



परवापासून ग्रुपवर सॅटेलाइटचा पांढराशुभ्र फोटो फिरतोय आणि "सोयाबीन कापू का थांबू?" असे फोन येतायत. तो फोटो कसा वाचायचा, ते आज बघू.

*फोटो येतो कुठून?*
इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस (१७ फेब्रुवारी २०२४ ला सोडलेला) हे आपले हवामान उपग्रह. सुमारे ३६,००० किमी उंचीवरून ते पृथ्वीच्याच गतीने फिरतात, म्हणून सतत आपल्याच भागावर नजर राहते.

*पांढरं दिसलं म्हणजे पाऊसच, असं नाही*
इन्फ्रारेड फोटोत पाणी नाही, ढगाच्या माथ्याचं तापमान दिसतं. म्हणून तो रात्रीही मिळतो. वर जाल तसं दर किमीला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं. माथा जेवढा थंड, तेवढा फोटोत पांढरा. गडगडाटी ढग १२ किमीच्याही वर जातो, म्हणून पांढराशुभ्र दिसतो. पण पिसासारखे पातळ, उंच ढगही पांढरेच दिसतात आणि त्यांचा पाऊस जमिनीवर पोचत नाही.

*बघताना तीन गोष्टी*
१) आधी तारीख-वेळ बघा. जुने फोटो फिरतात. जीएमटी लिहिलं असेल तर साडेपाच तास मिळवा.
२) एका फोटोवर ठरवू नका. अर्ध्या-अर्ध्या तासाचे तीन फोटो बघा. ठळक कडांचा पांढरा गोळा वाढत आपल्याकडे सरकत असेल तर सावध व्हा.
३) इन्फ्रारेड फोटोतला एक ठिपका ४ किमी बाय ४ किमी, म्हणजे जवळपास ४,००० एकर. आपलं रान त्यात वेगळं दिसत नाही. म्हणून हवामान विभागाचा जिल्ह्याचा इशारा आणि विजेसाठी 'दामिनी' ॲप बघाच.

*आता काय करायचं?*
✅ दिवसभरात गोळा करून झाकता येईल तेवढंच कापा.
✅ सुडी उंचवट्यावर लावा, ताडपत्री तयार ठेवा. ओला माल सुडीत घालू नका.
❌ कापलेलं सोयाबीन रात्री रानात पसरून ठेवू नका. भिजलं तर शेंगेतच कोंब येतात, दाणा काळा पडतो आणि भाव जातो.
⚡ गडगडाट ऐकू आला की काम सोडा, पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका.

माल परत कमावता येईल, माणूस नाही. काळजी घ्या.

आपला,
कृषी मार्गदर्शक, आपली शेतकरी उत्पादक कंपनी