वसईच्या अंगणातलं लॉन: हस्तापासून नाताळपर्यंत

वसईत शरद ऋतू पानगळ घेऊन येत नाही. जंगली बदामाची पानं लाल होऊन गळतात ती पार थंडी सरताना. अश्विनात इथे येतं ते ऊन, आणि तेही चांगलं चटका देणारं. त्यामुळे विलायती खतांच्या पिशव्यांवर ‘ऑटम’च्या नावाने जे छापलेलं असतं, ते वाचून आपल्या अंगणात काही करायला जाऊ नये. तो सल्ला राय आणि फेस्क्यू या थंड हवेच्या गवतांसाठी असतो. आपल्याकडचं लॉन म्हणजे बहुधा हरळीच्या जातीतलं ‘सिलेक्शन वन’, नाहीतर मेक्सिकन, किंवा नारळाच्या सावलीत तग धरणारं रुंद पातीचं बफेलो. ही सगळी उष्ण हवेची गवतं. पावसाळ्यात त्यांची पाती भराभर वाढते, मुळं मात्र पाण्याने गच्च भरलेल्या मातीत वरच्यावर राहतात. ऑक्टोबरच्या उन्हात लॉन पिवळं पडतं ते यामुळेच, आणि माणसं धावतात युरियाकडे. युरियाची पाळी बरीच मागून येते.

आधी पाणी पाहा. मुंबई परिसरातून मोसमी पाऊस निघून जाण्याची सरासरी तारीख आता 8 ऑक्टोबर धरली जाते, पण हस्ताचा पाऊस कधी कोणाचं ऐकत नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मोठी सर येऊन गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात फिरून बघावं, पाणी कुठे साचून राहिलंय ते. जिथे साचलंय तिथेच शेवाळ धरतं, तिथेच लव्हाळा माजतो. अर्नाळा, राजोडी, कळंबच्या रेताड पट्ट्यात हा त्रास कमी. खाडीकडच्या चिकण जमिनीत जास्त. सगळ्यात वाईट हाल असतात भराव टाकून उभ्या राहिलेल्या नव्या सोसायट्यांत. तिथे वर चार बोटं लाल माती आणि खाली विटांचे तुकडे, मुरूम, सिमेंटचे गोळे. अशा जागेत मुळं खाली जाणार कुठे? आणि गावातल्या जुन्या वाडीत अचानक पाणी तुंबायला लागलं असेल, तर शेजारची पाणी वाहून नेणारी नाळ किंवा बावखल, म्हणजे पाणी साठवणारं छोटं तळं, कोणी बुजवलंय का, हे आधी विचारावं. वसईच्या पूर्वजांनी बावखलं शोभेसाठी खणलेली नव्हती. ती बुजवून वर लॉन अंथरायचं आणि मग लॉन सडतं म्हणून तक्रार करायची, याला काय म्हणावं?

पाऊस थांबून जमिनीला वापसा आला की काट्याने, म्हणजे बागेच्या दातेरी फावड्याने, लॉन टोचून घ्यावं. चार इंच खोल, प्रत्येक सहा इंचांवर. दात आत गेल्यावर काटा थोडा मागेपुढे हलवायचा, म्हणजे भोक नुसतं दाबलं न जाता माती सैल होते. वापसा नसताना, चिखलात, हे काम केलं तर उलट माती आणखी घट्ट होते. कंटाळवाणं काम आहे, माळी टाळतो. पण वर्षभरात लॉनसाठी एकच गोष्ट करायची झाली तर मी हीच सांगेन.

टोचल्यावर मातीचा पातळ थर द्यायचा. दोन भाग नदीची रेती, एक भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, सगळं चाळून. थराची जाडी पाव इंचापेक्षा कमीच हवी. पातीची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत. एका गुंठ्याला अठरा-वीस घनफूट माल पुरतो, म्हणजे ब्रासचा पाचवा हिस्सा. रेती समुद्राची किंवा खाडीची नको, तिच्यातलं मीठ गवताच्या मुळांना सोसेलच असं नाही. ट्रकने येणारी लाल माती न चाळता पसरली तर तिच्याबरोबर लव्हाळ्याच्या गाठीही फुकट घरी येतात.

लव्हाळ्याबद्दल थोडं सविस्तर. त्याची पाती उपटून काही होत नाही. जमिनीखालच्या गाठी तशाच राहतात आणि आठवड्यात नवा कोंब येतो. पाऊस संपताना माती मऊ असते तेव्हाच खुरप्याने किंवा जुन्या सुरीने खोल जाऊन गाठीसकट काढावा. दुधी, आंबुटी, केना हातानेही निघतात, फक्त बी धरण्याआधी काढायला हवेत. घरच्या लॉनवर ग्लायफोसेटची फवारणी करा असं सुचवणारा कोणी भेटला तर त्याचं ऐकू नका. ते औषध तण आणि लॉन यांत भेद करत नाही.

कापणीतही घाई होते. पावसात लॉन वीतभर वाढलेलं असतं, आणि दिवाळी आली म्हणून मशीन खाली करून ते एकदम इंचावर आणलं जातं. खालची देठं उघडी पडतात, त्यांना चार महिने ऊन लागलेलं नसतं, ती करपतात. दर खेपेला वाढीचा तिसरा हिस्सा कापावा, आठवड्याने पुन्हा. हरळीच्या जातींना शेवटी दीड इंच ठीक. सावलीतलं बफेलो अडीच-तीन इंचांवरच ठेवावं. कापल्यावर पातीची टोकं पांढुरकी, फाटल्यासारखी दिसली तर दोष गवताचा नाही. मशीनचं पातं धार लावून आणा.

आता खत. वसईच्या पावसात जमिनीतलं नत्र आणि बरंचसं पालाश धुऊन जातं, म्हणून द्यावं लागतंच. गुंठ्याला एक किलो युरिया पुरे, तोही अर्धा-अर्धा करून: पहिला हप्ता मातीचा थर दिल्यावर आठवड्याने, दुसरा साधारण तीन-चार आठवड्यांनी. पात कोरडी असताना विस्कटून टाकायचं आणि लगेच पाणी द्यायचं. सोबत एकदा अर्धा किलो पालाशयुक्त खत. विहिरीचं पाणी मचूळ असेल तिथे म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश घ्यावं. किनाऱ्याच्या रेतीत शिंपल्यांचा चुना असतो, तिथे नत्र देऊनही नवी पात पिवळी आणि शिरा हिरव्या अशी दिसते. ती लोहाची कमतरता. हिराकस लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात फवारावा, फरसबंदीवर मात्र त्याचा थेंब पडू देऊ नये. लाद्यांवरचे ते तांबडे डाग निघत नाहीत. मोठं अंगण असेल तर मातीचा नमुना तपासून घेणंच बरं. डहाणूजवळ कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे चौकशी करता येईल.

कावळे आणि साळुंक्या एकाच जागी चोचीने लॉन उकरत असतील तर तिथे गवत हाताने ओढून बघावं. गोधडीसारखं सगळं एकदम वर आलं तर खाली हुमणी आहे, तिने मुळं खाल्ली आहेत. फूटभर चौकोन खोदून अळ्या मोजा. एखाददुसरी चालते, पाच-सहाच्या वर असतील तर मेटारायझियम ही मित्रबुरशी पाकिटावरच्या प्रमाणात, ओल्या जमिनीवर, ऊन उतरल्यावर ओतावी. रातोरात पात कुरतडलेली दिसली तर तो लष्करी अळीचा प्रताप. तिच्यावर पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा, अळ्या लहान असतानाच. नंतर तो फारसा उपयोगाचा राहत नाही.

पाण्याचा हिशेब वसईकरांनी तरी डोळे उघडे ठेवून करावा. आठवड्याला एक इंच पाणी म्हणजे गुंठ्याला सुमारे अडीच हजार लिटर. ज्या तालुक्यात विहिरींचं पाणी टँकरने शहरात जाऊ लागल्यावर विहिरी खारावल्या आणि हरित वसई संरक्षण समितीला रस्त्यावर उतरावं लागलं, तिथे अख्खं आवार लॉनखाली घालणं मला पटत नाही. बसण्या-खेळण्यापुरता तुकडा ठेवावा, बाकी जागेत मोगरा, केळी, तोंडलीचा मांडव. पाण्याच्या दृष्टीने ऑक्टोबर सोयीचा. पावसाने विहिरी भरलेल्या असतात आणि पाणी गोडं असतं. एप्रिल-मेमध्ये तेच मचूळ होतं. म्हणून आत्ताच रोज थोडं शिंपडायची सवय मोडावी. तीन-चार दिवसांनी पहाटे, माती चार इंच भिजेल इतकं पाणी द्यावं. मुळं पाण्यामागे खाली जातात, आणि अशी मुळं उन्हाळ्यात कमी पाण्यात भागवतात. संध्याकाळी पाणी दिलं की पात रात्रभर ओली राहते आणि बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात.

नाताळ आणि त्यापाठोपाठ जानेवारीतली लग्नं अंगणातच होणार असतील तर खताचा शेवटचा हप्ता नोव्हेंबरमध्ये संपवावा. कोवळ्या, लुसलुशीत पातीवर मांडव पडला तर ती मोडते. मांडव घालण्याआधी दोन दिवस पाणी बंद ठेवावं, म्हणजे खुर्च्यांचे पाय मातीत रुतत नाहीत. ताडपत्री किंवा कार्पेट दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरून ठेवू नये. डेकोरेटरचा माणूस तिसऱ्या दिवशी सामान न्यायला आला नाही, तर ते आपणच गुंडाळून बाजूला करावं.