मिनिटभर छातीकडे बघा

१. श्वास मोजतोय हे पेशंटला कळू द्यायचं नाही. कळलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा श्वास घ्यायला लागतो. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नजर फक्त छातीकडे वळवायची. तिथं हालचाल दिसत नसेल तर पोटाकडे.

२. पूर्ण मिनिट मोजायचं. १५ सेकंद मोजून चारानं गुणलं तर एका श्वासाची चूक चारची होते. मोठ्या माणसाचे १२ ते २० श्वास ठीक. आता कुठल्याही वॉर्डातला चार्ट उघडा: ताप वेगळा, नाडी वेगळी, श्वास मात्र सगळ्यांचे २०! मला याचा फार राग येतो. प्रकृती ढासळताना पुष्कळदा आधी श्वासच वाढतो, बीपी मागाहून पडतं. सकाळचे १८ दुपारी २८ झाले, तर राऊंडची वाट बघत बसू नये.

३. ‘बाळाचं पोट उडतंय’ असं आजी म्हणाली, तर आधी झबलं वर करा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर न्यूमोनिया गंभीर असू शकतो. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका. रडतं बाळ मोजू नका. आईजवळ शांत होऊ द्या.

४. दम लागलेल्याला आडवं करू नका. उशा लावून बसवा, भोवतीची पाहुणेमंडळी बाहेर काढा.

५. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात कोविडचे रुग्ण सापडले, तेव्हा ऑक्सिमीटर ही दवाखान्यातली वस्तू होती. पुढे ती घरोघरी गेली, आणि लोक माणसाऐवजी आकड्याकडे बघू लागले. गार बोट, नेलपॉलिश यांनी आकडा फसवा येतो. जन्मभर चुलीच्या धुरात बसून फुप्फुसं खराब झालेल्या आजींना बहुधा ८८ ते ९२ पुरतं. ९९ दिसावेत म्हणून ऑक्सिजन वाढवत नेला तर त्या गुंगीत जाऊ शकतात.

६. मण्यारीचा दंश. आपल्याकडं रात्री शेतावर, जमिनीवर झोपणारे पुष्कळ. मण्यार चावली तर सूज नाही, कधी खूणही दिसत नाही. पहाटे माणूस म्हणतो, ‘सिस्टर, पोटात दुखतंय, डोळं उघडंना.’ ऑक्सिमीटर तेव्हाही ९८ दाखवतो, कारण श्वासाचे स्नायू थकायला नुकती सुरुवात झालेली असते. अशा वेळी त्याला सांगायचं, ‘दादा, खोल श्वास घ्या आणि एका दमात आकडे म्हणा.’ कुठवर पोचला ते वेळेसकट लिहायचं. थोड्या वेळानं पुन्हा. मान उशीवरून उचलता येते का, तेही बघायचं. आधी तीसपर्यंत जाणारा पंधरावर थांबला, तर डॉक्टरांना त्याच क्षणी उठवायचं. स्नायू एकदा लुळे पडले की प्रतिविष देऊनही ते लगेच हलत नाहीत, व्हेंटिलेटरच लागतो. म्हणून अंबू बॅग कपाटात नको, उशाशी हवी.