विस्तुलाकाठचे क्राकुफ

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला क्राकुफ शहरातील प्रमुख ऐतिहासिक स्थळांची माहिती स्वतःच्या शब्दांत सांगता येईल. एखाद्या वास्तूविषयीची दंतकथा आणि तिचा इतिहास यांतील फरक ओळखता येईल. तसेच स्थलवर्णनपर लेखनात लेखक तपशिलांची निवड कशी करतो, हे लक्षात येईल.

मूळ पाठ

पोलंड हा देश आपल्याला दूरचा वाटतो. तरीही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८ या वर्षांत, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांनी आसरा घेतला होता. त्याच देशाच्या दक्षिण भागात, विस्तुला नदीच्या काठी, क्राकुफ हे प्राचीन शहर वसले आहे. मराठी लेखनात या नावाची क्राको, क्राकोव अशीही रूपे आढळतात. आपण पोलिश उच्चाराला जवळचे रूप स्वीकारू.

सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत क्राकुफ ही पोलंडची राजधानी होती. पुढे राजदरबार वॉर्सा येथे गेला. दुसऱ्या महायुद्धात वॉर्साचे जुने शहर जमीनदोस्त झाले व नंतर विटेवर वीट रचून पुन्हा उभारावे लागले. क्राकुफच्या वास्तू मात्र बहुतांशी शाबूत राहिल्या, कारण नाझी राजवटीने आपले प्रशासकीय केंद्रच तेथे थाटले होते. शहर शाबूत राहिले असे आपण सहज म्हणतो. त्या 'शाबूत' शब्दात काय येते आणि काय येत नाही, हे शहरातून फिरताना ध्यानात ठेवावे.

जुन्या शहरात उत्तरेकडून प्रवेश केला, तर प्रथम दिसतो तो बार्बिकन. १४९८-९९ मध्ये बांधलेला हा वर्तुळाकार बुरूज वेशीच्या रक्षणासाठी होता. त्याच्यामागे फ्लोरियन दरवाजा आहे. एके काळी संपूर्ण शहराला तटबंदी होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती पाडण्यात आली आणि तटाच्या जागी शहराभोवती बागेचा हिरवा पट्टा तयार झाला. त्याला प्लांती म्हणतात. आज तेथे वृद्ध माणसे बाकांवर बसलेली असतात व मुले सायकली चालवतात. तट गेल्याचे दुःख कोणाला होत असेल, असे वाटत नाही.

फ्लोरियन दरवाजातून सरळ जाणारा रस्ता मुख्य चौकात पोहोचतो. १२४१ साली मंगोल स्वाऱ्यांत शहराची धूळधाण झाली होती. त्यानंतर १२५७ साली शहराला नगराधिकार मिळाले आणि नव्याने आखणी झाली. त्या वेळी आखलेल्या या चौकाची प्रत्येक बाजू सुमारे २०० मीटर आहे. मध्ययुगीन युरोपातील सर्वांत मोठ्या चौकांत त्याची गणना होते. मधोमध सुकिएन्नित्से ही कापडबाजाराची लांबलचक इमारत आहे. खाली आजही दुकाने आहेत आणि वरच्या मजल्यावर एकोणिसाव्या शतकातील पोलिश चित्रांचे संग्रहालय. शतकानुशतके भर पडत गेल्याने चौकाची जमीन उंचावत गेली. जुने रस्ते आणि दुकानांचे अवशेष तिच्या पोटात गडप झाले. उत्खननात ते सापडले. २०१० पासून ते भूमिगत संग्रहालयात पाहता येतात.

चौकाच्या कोपऱ्यावर सेंट मेरीचे विटांचे चर्च आहे. त्याचे दोन मनोरे असमान उंचीचे आहेत. उंच मनोरा ८० मीटरहून अधिक उंच असून, तेथून दर तासाला एक तुतारीवादक चारही दिशांना तीच धून वाजवतो. हे काम अग्निशमन दलातील जवान करतात आणि ते रात्रंदिवस चालते. १९२७ पासून दुपारी बाराची ही धून पोलिश रेडिओवरून देशभर ऐकवली जाते. या धुनेला 'हेयनाऊ' म्हणतात. तिचे वैशिष्ट्य असे, की ती पूर्ण होत नाही. सूर मध्येच तुटतो.

लोक त्याची कथा सांगतात. मंगोल स्वार येताना दिसले, पहारेकऱ्याने तुतारी फुंकून शहराला जागे केले, आणि धून संपण्याआधीच एक बाण त्याच्या कंठात घुसला. कथा हृद्य आहे, परंतु इतिहासाच्या कसोटीला ती उतरत नाही. आजचे चर्च १२४१ नंतरचे आहे, आणि तुटलेल्या सुराशी जोडलेली ही कथा सर्वदूर पोहोचली ती एका अमेरिकन लेखकाच्या १९२८ सालच्या कादंबरीमुळे. क्राकुफच्या रहिवाशांना हे ठाऊक नाही असे नाही. तरीही त्यांनी धून पूर्ण केलेली नाही, आणि त्यांनी ती तशीच ठेवली हेच आम्हांला उचित वाटते.

चर्चमध्ये शिरल्यावर मात्र दंतकथेची गरज उरत नाही. समोर लिंडन वृक्षाच्या लाकडात कोरलेली भव्य वेदी दिसते. न्युरेंबर्गहून आलेल्या फाइट श्टोस या शिल्पकाराने १४७७ ते १४८९ अशी बारा वर्षे खपून ती घडवली. मध्यभागी मेरीच्या अखेरच्या क्षणाचे दृश्य आहे. भोवतीचे शिष्य माणसाहून मोठ्या आकाराचे आहेत. पण पाहणाऱ्याचे लक्ष वेधले जाते ते त्यांच्या हातांकडे. फुगलेल्या शिरा, सुरकुतलेली कातडी, कष्टाने जाड झालेली बोटे! देवादिकांच्या मूर्तींत असे हात क्वचित आढळतात. १९३९ साली युद्धाच्या सावलीत ही वेदी सुटी करून लपवण्यात आली, पण नाझींनी ती शोधून जर्मनीला नेली. युद्धानंतर ती न्युरेंबर्गच्या किल्ल्यात सापडली, १९४६ साली पोलंडला परतली आणि १९५७ साली पुन्हा आपल्या जागी उभी राहिली.

विचार करा : एखादी कथा खरी नाही हे कळल्यानंतरही लोक ती का जपतात? तुमच्या गावातील किल्ला, देऊळ, दर्गा किंवा विहीर यांविषयी अशी कथा सांगितली जाते का?

चौकापासून थोड्याच अंतरावर कोलेजियम मायुस ही विद्यापीठाची सर्वांत जुनी इमारत आहे. काझिमिएश राजाने १३६४ साली हे विद्यापीठ स्थापन केले. त्याच्या खर्चासाठी पैसा आला तो मिठातून! शहराच्या आग्नेयेस जवळच असलेल्या व्येलिच्का येथील मिठाच्या खाणीचे उत्पन्न त्याने अध्यापकांच्या वेतनासाठी लावून दिले. तेराव्या शतकापासून १९९६ पर्यंत या खाणीतून व्यापारासाठी मीठ काढले जात होते. सुमारे १०० मीटर खोलीवर खाणकामगारांनी मिठातच कोरलेले प्रार्थनामंदिर आहे, आणि त्यातील झुंबरांचे लोलकही मिठाचेच आहेत. क्राकुफचे जुने शहर व ही खाण, दोन्ही १९७८ साली जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत समाविष्ट झाली.

राजाच्या मृत्यूनंतर विद्यापीठाची दुरवस्था झाली. तेव्हा यादविगा राणीने आपले जडजवाहीर त्याला देऊ केले आणि तिच्या मृत्यूनंतर, १४०० साली, ते पुन्हा सुरू झाले. तिच्या थडग्यात सोन्याचा राजदंड नव्हता. होता तो मुलामा दिलेला लाकडी. पुढे १४९१ ते १४९५ या काळात कोपर्निकस येथे शिकला. सूर्याभोवती पृथ्वी फिरते हा सिद्धांत त्याने मांडला तो बऱ्याच वर्षांनी. परंतु खगोलशास्त्राचा पाया येथे घातला गेला.

या विद्यापीठाच्या इतिहासातील एक दिवस विसरता येत नाही. ६ नोव्हेंबर १९३९ रोजी नाझी अधिकाऱ्यांनी व्याख्यानाच्या निमित्ताने प्राध्यापकांना एकत्र बोलावले आणि दारे बंद करून १८३ जणांना अटक केली. त्यांची रवानगी छळछावणीत झाली. काही जण परतलेच नाहीत. विद्यापीठ बंद करण्यात आले. तरीही १९४२ पासून शेकडो विद्यार्थी राहत्या घरांतून गुप्तपणे शिकत होते. पुढे पोप झालेले कारोल वोयतिवा हे त्यांपैकीच एक. पकडले गेल्यास कोणती शिक्षा होईल, हे शिकवणारा आणि शिकणारा दोघेही जाणून होते.

शहराच्या दक्षिणेस, नदीकाठच्या वावेल टेकडीवर राजवाडा आणि प्रधान चर्च आहे. पोलंडच्या राजांचे राज्याभिषेक व दफनविधी येथेच होत. चर्चच्या मनोऱ्यातील झिग्मुंट घंटा १५२० साली ओतली गेली. तिचे वजन बारा टनांहून अधिक आहे आणि ती हलवण्यास डझनभर माणसे लागतात. म्हणून ती मोजक्या प्रसंगीच वाजते. राजवाड्यातील सोळाव्या शतकातील भिंतपडदे युद्धाच्या तोंडावर बाहेर काढले गेले आणि अनेक देशांतून प्रवास करीत कॅनडात पोहोचले. ते परत यायला १९६१ साल उजाडले. टेकडीच्या पायथ्याशी गुहा आहे. तीत राहणाऱ्या राक्षसी सर्पाला गंधक भरलेली मेंढी खाऊ घालून एका चलाख मोच्याने कसे मारले, ही गोष्ट तेथील प्रत्येक मुलाला पाठ असते.

वावेलच्या पलीकडे काझिमिएश हा भाग लागतो. राजाने १३३५ साली स्वतंत्र नगर म्हणून तो वसवला. १४९५ साली क्राकुफमधील ज्यूंना येथे हलवण्यात आले आणि पुढील साडेचारशे वर्षे तो ज्यू विद्या, व्यापार आणि कारागिरीचे केंद्र राहिला. येथील जुने सिनेगॉग आज संग्रहालय आहे. रेमू सिनेगॉगलगतच्या दफनभूमीत एक भिंत आहे. ती फोडलेल्या थडग्यांच्या शिळांचे तुकडे जोडून उभारलेली आहे. तुकड्यांवरील अक्षरे अर्धीमुर्धी वाचता येतात.

युद्धापूर्वी क्राकुफच्या लोकसंख्येत जवळजवळ एक चतुर्थांश लोक ज्यू होते. मार्च १९४१ मध्ये नाझींनी नदीपलीकडील पोदगुझे भागात भिंतीआड वस्ती करून शहरात उरलेल्या ज्यूंना तेथे कोंडले. १३ आणि १४ मार्च १९४३ या दोन दिवसांत ती वस्ती रिकामी करण्यात आली. काम करू शकणाऱ्यांना श्रमछावणीत नेले. अनेकांना तेथेच ठार केले आणि इतरांना आउशविट्झला पाठवले. वस्तीत तादेउश पांकिएविच या पोलिश औषधविक्रेत्याचे 'गरुड' नावाचे दुकान होते. ज्यू नसतानाही तो दुकान सोडून गेला नाही. औषधे, निरोप आणि अन्न तो लोकांपर्यंत पोहोचवत राहिला. दुकान आज संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे.

दुकानासमोरच्या चौकातून लोकांना नेले जात असे. तेथे त्यांचे घरसामान मागे पडलेले असायचे. त्याची आठवण म्हणून २००५ साली तेथे धातूच्या रिकाम्या खुर्च्या उभारण्यात आल्या. त्या एकमेकींपासून दूरदूर आहेत आणि त्यांवर कोणाचेही नाव नाही.

स्वाध्याय

१. 'हेयनाऊ' ही धून अपुरी राहण्याची कथा आणि तिच्याविषयीचा इतिहास तुमच्या शब्दांत लिहा.

२. क्राकुफहून नेलेल्या कोणत्या वस्तू परत आल्या? पाठाच्या आधारे सांगा.

३. 'शहर शाबूत राहिले' हे विधान काझिमिएश आणि पोदगुझे यांच्या संदर्भात कितपत खरे आहे? आपले मत सकारण लिहा.

४. तुमच्या परिसरातील एका जुन्या वास्तूचे वर्णन १५ ओळींत करा. वास्तूबरोबरच तेथे पूर्वी राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या माणसांचाही उल्लेख करा.