नवी भाषा आणि जुने जाणकार

कर्नाळ्याचा किल्ला चढतांना विद्यार्थ्यांनीं दरवाजांपाशीं थोडें थांबावें. खालच्या दरवाजाच्या आंतील अंगास मराठी शिलालेख आहे, आणि पुढें वरच्या दरवाजापूर्वीं एक फारसी. राज्य पालटलें कीं दफ्तराची भाषा पालटे, आणि मुरलेल्या कारकुनास पुन्हां धडे गिरवावे लागत. संगणकाच्या कामांत हा प्रसंग दर कांहीं वर्षांनीं येतो.

संगणकास केवळ अंकांतील आज्ञा कळतात. आरंभीं प्रोग्रॅमर त्या हातानेंच लिहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं सुरू झालेल्या टिफ्रॅक यंत्राची मेमरी अवघी २०४८ शब्दांची. एकेक आज्ञा काटकसरीनें बसवावी लागे. असें कसब श्रमानें येतें, व श्रमानें आलेलें सहज सोडवत नाहीं.

तत्पूर्वींच, १९५७ सालीं, अमेरिकेंत आय. बी. एम.च्या जॉन बॅकस यांच्या मंडळीनें फोरट्रान भाषा पुढें आणली. तींत बीजगणिताच्या सूत्रांसारखें लिहावें, आणि कम्पायलर नांवाच्या प्रोग्रॅमनें त्याच्या आज्ञा कराव्या. जाणकारांनीं नाक मुरडलें. यंत्रानें रचलेल्या आज्ञा आमच्या हातच्या आज्ञांइतक्या चपळ कशा असतील? आक्षेप पोकळ नव्हता. पूर्वींच्या अशा साधनांनीं काम खरोखरच मंदावे. परंतु त्यांत अभिमानही होता. हे लोक स्वतःस गूढ विद्येचे पुरोहित समजत, असें बॅकस यांनींच पुढें लिहिलें आहे. निकाल वादानें लागला नाहीं. एकच दिवस फोरट्रान शिकलेल्या एका प्रोग्रॅमरनें चार तासांत ४७ वाक्यें लिहिलीं. यंत्रानें सहा मिनिटांत त्यांच्या सुमारें १००० आज्ञा केल्या. हातानें लिहितां तीन दिवस लागते, आणि वेगही फारसा वाढता ना, असा त्याचाच अंदाज होता. १९६४ सालीं मुंबईच्या त्याच संस्थेंत सी. डी. सी. ३६०० यंत्र आलें, तेव्हां फोरट्रान तेथेंही रुळली.

पुढें १९९१ सालीं पायथन, १९९५ सालीं जावा, २०१५ सालीं रस्टची पहिली पक्की आवृत्ति. पायथन मंद, रस्ट अवघड, अशी कुरकुर झालीच. कित्येक नव्या भाषा विसरल्याही गेल्या, तेव्हां शंका घेणारा दर वेळीं चुकतो असें नव्हे.

मुलांस शिकविलेली पायथन उद्यां निरुपयोगी ठरली तर, अशी चिंता पालकांस वाटते. आमच्या मतें ती अर्धीच खरी आहे. चिन्हें पालटतात, परंतु प्रश्नाचे तुकडे पाडणें, अट घालणें, एकच कृति पुनः पुनः करविणें, हें प्रत्येक भाषेंत चालतें. खुद्द फोरट्रान हवामानाच्या गणितांत अद्यापि राबते आहे. विद्यार्थ्यांनीं सातांचा पाढा प्रथम स्क्रॅचमध्यें आणि मग पायथनमध्यें करवून पाहावा, व काय पालटलें, काय तसेंच राहिलें, तें वहींत टिपावें.