मातीच्या पात्रातील खरेदीखत

शास्त्रभाग : यिर्मया ३२:६-१५

मातीचे भांडे कशासाठी वापरतात, असे शाब्बाथशाळेतील मुलांना विचारले तर पाणी, धान्य, दही अशी उत्तरे येतील. कागदपत्रे ठेवण्यासाठी, असे कोणी म्हणणार नाही. तो उपयोग आपण विसरलो आहोत. परंतु त्यावाचून हा शास्त्रभाग नीट उमगत नाही.

प्रसंग इ. स. पूर्व ५८७ च्या सुमाराचा. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला होता. नगर पडणार असे सांगणारा यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल अनाथोथातील शेत विकावयास आला. शत्रूच्या टाचेखालील शेत कोण घेईल? यिर्मयाने ते घेतले. त्याने १७ शेकेल, म्हणजे सुमारे १९५ ग्रॅम, रुपे साक्षीदारांसमक्ष तोलून दिले.

खताच्या दोन प्रती होत्या, एक मोहरबंद व एक उघडी. उघडी प्रत पाहण्यासाठी. वाद निघाल्यास मोहर फोडून मजकूर ताडून पाहता येई. दोन्ही प्रती पुष्कळ दिवस टिकाव्या म्हणून मातीच्या पात्रात ठेव, असे बारूखाला सांगण्यात आले.

असे पात्र खरोखर टिकवते काय? १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरान येथील एका गुहेत मेंढपाळांना मातीचे उभट रांजण सापडले. ते सुमारे दोन फूट उंच, रुंद तोंडाचे, वर वाडग्यासारखे झाकण असलेले होते. तेथे मिळालेली यशयाची गुंडाळी सव्वासात मीटरांहून लांब असून, त्या ग्रंथाच्या तोवर ठाऊक असलेल्या इब्री प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षे जुनी आहे. उलट, १९५२ साली सापडलेल्या चौथ्या गुहेत ग्रंथ रांजणांत नव्हते. त्यांचे हजारो तुकडे गोळा करावे लागले. हवा दोन्हीकडे कोरडीच होती.

प्रियजनहो, त्या शेतातील पीक आपण खाणार नाही हे यिर्मया जाणून होता. तरी त्याने पुढच्या पिढीसाठी रुपे तोलले, खत केले व ते जपून ठेवले. विश्वास म्हणजे नुसते बोलणे नव्हे. आपल्या मंडळीची बाप्तिस्म्याची व विवाहाची जुनी पुस्तके आज कोणत्या कपाटात आहेत? त्यांना वाळवी लागली आहे काय, हे आपण या आठवड्यात उघडून पाहू या.

चर्चेसाठी प्रश्न :
१. मोहरबंद प्रतीबरोबर उघडी प्रत का हवी होती?
२. आपल्याला फळ मिळणार नाही असे कोणते काम आपण आज हाती घ्यावे?